पदवीनंतरचे पहिले वर्ष आणि संशोधनाची अधिछात्रवृत्ती

दिवाळी आटोपली की धर्मापुरीच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत वस्त्या ओस पडतात. निघण्यापूर्वीच्या त्या आठवड्यात आमच्या चिकित्सालयात स्त्रीरुग्णांची गर्दी वाढते. तक्रारी ठरावीक असतात : अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पाळी महिन्यातून दोनदा येते. मागणीही ठरावीक असते. "डाक्टरसाहेब, परत येईस्तोवर पुरंल एवढं औषध बांधून द्या. तिकडं दवाखान्यात गेलं की खाडा पडतो अन् पैसे कापत्यात." आम्ही पुष्यानुग चूर्ण देतो, अशोकारिष्टाच्या बाटल्या देतो, पथ्य सांगतो. त्या पथ्यातील निम्मे उसाच्या फडात पाळणे अशक्य आहे, हे सांगतानाच आम्हास ठाऊक असते. उन्हाळ्याच्या तोंडी टोळ्या परततात. त्याच स्त्रिया पुन्हा येतात, आणि त्यांपैकी काहींच्या पोटावर टाक्यांची खूण असते.

बीड जिल्ह्यातील हा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले, म्हणजे दर शंभरांत सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण शंभरांत सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी अंतर डोळ्यांत भरणारे आहे. वृत्तपत्रांनी लिहिले, विधिमंडळात चर्चा झाली, खासगी रुग्णालयांच्या शस्त्रक्रियांवर देखरेख आली. ते योग्यच झाले.

परंतु एक प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तो आमच्या वैद्यवर्गाने विचारावयास हवा होता. पहिली तक्रार आणि शस्त्रक्रिया यांच्या मध्ये जी वर्षे गेली, त्या वर्षांत ही स्त्री कोणाकडे गेली होती? खेड्यातील अनुभव असा की पुष्कळदा ती प्रथम आमच्याचकडे येते. मग आमच्या औषधाने कितीजणींना उपशय मिळाला, कितीजणींना मिळाला नाही, औषध अर्धवट सुटले म्हणून मिळाला नाही की औषधच निकृष्ट होते म्हणून? श्वेतप्रदराचा उपचार वेळीच व पुरेसा झाला असता तर किती गर्भाशये वाचली असती? या प्रश्नास आज कोणापाशीही उत्तर नाही. उत्तर शोधण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक शिकलेले, प्रामाणिक, तरुण माणूस लागते आणि त्याला पोटाची चिंता न करता काम करता येईल असे एक वर्ष लागते. संशोधन अधिछात्रवृत्ती, जिला सगळेच फेलोशिप म्हणतात, ती याचसाठी असते.

दोन वर्षांपूर्वी एक नवपदवीधर वैद्या काही महिने आमच्याकडे साहाय्यक म्हणून बसत होती. ऊसतोड कुटुंबातलीच, आई-वडील आजही फडावर जातात. पहिल्याच आठवड्यात तिने आमची रुग्णनोंदवही चाळली आणि अत्यंत आदराने विचारले, "सर, यात रोग कुठे लिहिलाय?" आमच्या वहीत नाव, गाव आणि घेतलेले पैसे एवढेच होते. वीस वर्षांच्या व्यवसायाचा तो हिशेब होता. अनुभवाची नोंद नव्हती. तिने नवी जाड वही आणली आणि पट्टीने रकाने आखले : लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणे किती, पहिली तक्रार कोणत्या साली, आधी कोणास दाखविले, औषध प्रत्यक्षात किती दिवस घेतले, शस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिला, ती कोठे झाली, आणि शेवटचा रकाना : त्यासाठी कर्ज किती काढले. हा शेवटचा रकाना आम्हास कधी सुचला नसता.

टोळ्या जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा, अशी प्रत्येकीची नोंद पुढील वर्षभर घ्यावी, असा तिचा मानस होता. "सर, याला एखादी सरकारी फेलोशिप मिळते का?" असे तिने विचारले. आम्ही दोघांनी चार-सहा रविवार शोध घेतला. तेव्हा जे आढळले ते वाचकांपुढे ठेवणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानाच्या पदवीधरांसाठी सर्वांत मोठी योजना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त परीक्षेची. त्यातील कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाला. रक्कम सन्माननीय आहे. परंतु पात्रतेच्या यादीत एम.एस्सी. आहे, चार वर्षांची विज्ञान पदवी आहे, बी.फार्म. आहे, एम.बी.बी.एस. आहे, बी.ए.एम.एस. नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत डिसेंबर २०२४ पासून 'आयुर्वेद जीवशास्त्र' हा विषय आला, त्याचे स्वागत आहे. पण ते दार मुख्यतः पदव्युत्तरांसाठी उघडते. आयुष क्षेत्रातील पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीसही आधी एम.डी. वा एम.एस. व्हावे लागते. आणि एम.डी.ची खासगी महाविद्यालयातील फी भरण्याची ऐपत ज्या घरात आहे, त्या घरातील मुलगी ऊसतोडीच्या टोळीचा प्रश्न घेऊन सहसा येत नाही. हे कटू वाटेल, पण खरे आहे.

एक योजना मात्र मनापासून वाखाणण्याजोगी आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये 'स्पार्क' नावाची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी शिकत असतानाच दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करतो व त्यास एकूण ५०,००० रुपये मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी अशी अल्पकालीन योजना १९७९ सालीच काढली होती. म्हणजे आमच्या मुलांना ती त्रेचाळीस वर्षे उशिरा मिळाली. असो, मिळाली हे महत्त्वाचे. पण दोन महिन्यांत काय पाहता येते? ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. शिवाय ही वृत्ती पदवीपूर्वीची, बाकीच्या पदव्युत्तर. आंतरवासिता संपल्यापासून पुढची दोन-तीन वर्षे, ज्या काळात तरुण वैद्याचे पुढील सगळे आयुष्य ठरते, तेथे मधला पूलच नाही. मध्ये असतात त्या एखाद्या प्रकल्पापुरत्या कंत्राटी जागा. 'मुलाखतीस स्वखर्चाने प्रत्यक्ष उपस्थित राहावे' अशी जाहिरात निघते आणि प्रकल्प संपला की माणूस घरी जातो.

अशा जाहिरातीशी आमचाही एकदा संबंध आला आहे. आम्ही पदवीधर झालो ते २००३ साली. केंद्रातील आमच्या विभागास 'आयुष' हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. मोठ्या उमेदीने आम्ही एका शासकीय संस्थेत संशोधन साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीचे पत्र धर्मापुरीस पोचले तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून चार दिवस झाले होते. पोस्टमनने ते पत्र हाती देताना अभिनंदन केले, हे आजही आठवते. आम्ही दवाखाना थाटला, देवाच्या कृपेने तो चालला. तक्रार नाही. परंतु आमच्या वहीत रोगाचा रकाना का नव्हता, याचे एक उत्तर त्या पत्रात आहे असे आम्हास अलीकडे वाटू लागले आहे. नोंद घेण्याची शिस्त तरुणपणीच अंगवळणी पडते. चाळिशीनंतर ती लागत नाही.

तरुण पदवीधरास वेळेवर दार उघडले तर काय होते, याचे उदाहरण मराठी घरातलेच आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन कमला भागवत या तरुणीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, स्त्री आहे म्हणून, प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष परीक्षणादाखल प्रवेश मिळाला. त्या एका वर्षात त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले, केंब्रिजची पीएच.डी. मिळवून १९३९ मध्ये परतल्या, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत अधिकारी झाल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेल्या संशोधनास राष्ट्रपतींचा पुरस्कार लाभला. विषय पाहा : डाळ, दूध, नीरा. गरिबाच्या ताटातले विषय. आणि सगळ्याची सुरुवात पदवीनंतरच्या एका वर्षाने झाली, तेही उसने मिळालेल्या.

होमी भाभांनी हे नीट ओळखले होते. १९५७ साली तुर्भे येथे अणुऊर्जेसाठी प्रशिक्षण विद्यालय निघाले, तेव्हा ताज्या पदवीधरांना घ्यायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि उत्तीर्ण झालेल्यांस तेथेच नेमणूक द्यायची, अशी ती पद्धत होती, आजही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतही नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींस एक-दोन वर्षे वेतन देऊन प्रयोगशाळेत काम करू देतात, आणि मग ती वैद्यकास वा पीएच.डी.स जातात. अणुशास्त्रास जे हवे होते ते आयुर्वेदास नको, असे कोण म्हणेल?

आमच्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, आणि आम्ही त्यांचा आदर करतो, की शास्त्र ऋषींनी सिद्ध केलेले आहे, त्यास पुन्हा कसले संशोधन. त्यांस नम्रपणे सांगावेसे वाटते की चरकाचार्यांनी आप्तोपदेशाच्या जोडीस प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही प्रमाणेही सांगितली आहेत. आम्ही पहिल्यावरच थांबलो. आणि आम्ही थांबलो म्हणून जग थांबत नाही. गुळवेलीचेच पाहा. नव्वदच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत गुळवेलीचा उपयोग करून पाहिला व तो हितकारक आढळला. त्यानंतर करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला, आणि २०२१ मध्ये त्याच मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती कशावरून? सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची वेल असू शकते. वाद बरेच दिवस चालला. आमच्या मते यातली लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. गुळवेल चांगली म्हणणारेही आधुनिक वैद्यकाचे, वाईट म्हणणारेही आधुनिक वैद्यकाचे. त्या साथीत आम्ही स्वतः शेकडो रुग्णांस गुळवेल दिली. कोणास दिली, किती दिली, कोणत्या झाडावर चढलेली दिली, याची एक ओळ आमच्याकडे नाही. आमच्या बाजूने बोलण्यास आम्हीच साक्षीदार नव्हतो.

औषधी दुकानदार व औषधनिर्माते बंधूंनी येथे कान द्यावा, कारण वनस्पतीची ओळख हा त्यांच्या गल्ल्याशी निगडित विषय आहे. आम्ही वर अशोकारिष्टाचा उल्लेख केला. त्यातील मुख्य द्रव्य सीतेच्या अशोकाची साल. हा वृक्ष दुर्मीळ होत चालला आहे, आणि बंगल्यांच्या कुंपणास ओळीने लावतात त्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल बाजारात त्याच नावाने येते, हे आपणा सर्वांस ठाऊक असलेले गुपित आहे. शंखपुष्पीच्या नावाने तीन वनस्पती विकल्या जातात, ब्राह्मीच्या नावाने दोन. मग फडावर निघालेल्या त्या स्त्रीस मी देतो ती बाटली कशाची? तिला गुण आला नाही तर दोष कोणाचा : निदानाचा, मात्रेचा, खाड्याचा, की सालीचा? साल खरी की खोटी हे सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आडवा छेद पाहून वनस्पतिशास्त्राचा चांगला पदवीधर सांगू शकतो. असे बी.एस्सी. झालेले कितीतरी तरुण परळी-अंबाजोगाईत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसून आहेत. बुद्धी आहे, सूक्ष्मदर्शकाचा हात आहे. त्यांना कोणी काम देत नाही आणि आम्हाला कोणी साल तपासून देत नाही.

म्हणून आमचे मागणे असे की आंतरवासिता संपताच किंवा बी.एस्सी. होताच मिळणारी एक वर्षाची अधिछात्रवृत्ती असावी, आणि ती जोडीने द्यावी : एक नवपदवीधर वैद्य, एक विज्ञानाचा पदवीधर. त्यांनी राहावे तालुक्यातच. संशोधन परिषदेच्या संस्था मुंबईत, पुण्यात, नागपुरात आहेत. धर्मापुरीहून त्यांपैकी कोठेही जाऊन काम आटोपून त्याच दिवशी परतता येत नाही. परंतु अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जवळपास विज्ञान महाविद्यालये आहेत. मार्गदर्शक तेथील असावा, आणि सहमार्गदर्शक म्हणून गावात प्रत्यक्ष व्यवसाय करणारा वैद्य असावा. प्रश्न वैद्याच्या ओटीवरून यावा, दिल्लीच्या यादीतून नव्हे. निष्कर्ष प्रतिकूल निघाला तरी छापला जावा. या त्रैमासिकाने त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत. आणि वृत्ती दरमहा मिळावी. ही शेवटची अट क्षुल्लक वाटेल, परंतु ज्याच्या घरी मुकादमाची उचल फेडायची आहे तो विद्यार्थी सहा महिन्यांनी एकरकमी येणाऱ्या पैशांची वाट पाहू शकत नाही. तो तिसऱ्या महिन्यातच निघून जातो.

शासन हे केव्हा करील सांगता येत नाही. निवेदने द्यावीत, जरूर द्यावीत. पण जिल्ह्यातील औषधनिर्माते व दुकानदार यांनी मनावर घेतले तर एका जोडीचा वर्षाचा खर्च आमच्या संघटनेच्या आवाक्याबाहेर नाही. वार्षिक अधिवेशनाच्या भोजनावळीवर आणि सत्कारांच्या शालींवर आपण काय खर्च करतो, ते कोषाध्यक्षांनी एकदा मनातल्या मनात मोजावे. एक जोडी, एक तालुका, एक प्रश्न. त्या वर्षाची कागदपत्रे हाती घेऊन मग शासनदरबारी गेलो तर आमचे म्हणणे ऐकले जाण्याचा संभव अधिक. रिकाम्या हाताने आम्ही पुष्कळ वेळा गेलो आहोत.

आमची ती साहाय्यक वैद्या आता पुण्यात एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीस असते. सलाईन लावते, इंजेक्शने देते, ज्या शास्त्राची पदवी घेतली त्याचा एकही शब्द तेथे उच्चारावा लागत नाही. धाकट्या भावाचे शिक्षण तिच्या पगारावर चालते. तिला दोष देणारे आम्ही कोण?

वही तिने आमच्याकडेच ठेवली. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी आम्ही ती कपाटातून काढली व रकाने भरू लागलो. बाहेर बाकावर वीस माणसे, आणि एकेका नोंदीस पंधरा मिनिटे. अकरा नोंदी झाल्या. शेवटचा, कर्जाचा रकाना अकराही ठिकाणी कोरा आहे. तो प्रश्न विचारताना आमची जीभ अडखळली. तिने तो इतक्या सहज कसा विचारला असेल, आणि बायकांनी तिला उत्तर कसे दिले असेल, हे तिची पाने उलटताना आम्ही पाहत होतो. त्या अकराजणी मार्चअखेर परततील. त्यांची दुसरी नोंद कोणी घ्यावयाची, यावर संघटनेच्या कार्यकारिणीने पुढील बैठकीत विचार करावा. विषयपत्रिकेत तो घ्यावा असे पत्र आम्ही या लेखासोबतच पाठविले आहे.